नऊ माणसांची जीप

पोलादपूरच्या स्टँडवर जनूभाऊंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवली आणि जीपमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ब्याण्णव.” मला वाटलं, भाडं सांगताहेत. मी पर्स उघडली तशी सगळी जीप हसली. पुढे आठवड्याभरात आरोग्य केंद्रातल्या काट्यावर उभी राहिले, तर काटा बरोबर ब्याण्णववर थांबला.

कापडे गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवरच्या शाळेत मी नव्यानेच रुजू झाले होते. जायला जनूभाऊंची जीप तेवढी होती. दुसऱ्या रस्त्यांवरचे ड्रायव्हर चौदा-पंधरा माणसं कोंबत. जनूभाऊ नऊ घेत, आणि त्या नऊ जणांना पोती रचावीत तसे रचत. “जाडा माणूस पुढं, नायतर मधी. मागं वजन झालं का पुढचं चाक हलकं होतं. मग स्टेअरिंग ऐकत नाय.” स्वतः ते काडीसारखे होते. “ड्रायव्हरचं वजन पण वजनच हाय,” असं म्हणून ते रात्री भाताला हात लावत नसत.

बोलण्यात दयामाया नव्हती. गणपतीला मुंबईहून आलेल्या एका माणसाला भर स्टँडवर म्हणाले, “गावाला व्हतास तवा पंचावन व्हतास. मुंबईनं तुझा पाऊण क्विंटल केला. बायको खाली ठेव, नायतर बॅगा ठेव.” वाडीच्या अलीकडे एक खडी चढण होती. तिथे जीप थांबवून ते हुकूम सोडत, “बाई, उतरा.” मी रोज उतरायची. साडी हातात धरून, धापा टाकत त्या चढणीवरून चालायची, आणि जीप माझ्यापुढे पहिल्या गिअरमध्ये रडत वर जायची. वर पोरं वाट बघत उभी असत. त्यांच्यातली दोन-चार माझ्यासारखं डुलत चालून दाखवायची.

एकदा मी चिडून विचारलं, “जनूभाऊ, माझ्या एकटीनं काय फरक पडतो हो?”

गिअर टाकता टाकता ते म्हणाले, “पयल्या जीपमधी मी चौदा घेतले व्हते. माझा भाऊ मागं फळीवर उभा. उताराला ब्रेक तापले. पाय दाबला तर पाय खाली गेला, गाडी नाय थांबली. तेरा वाचले.” त्यानंतर मी चढणीवर निमूट उतरू लागले. पण राग गेला नाही. रोज सगळ्यांसमोर उतरणं हे काही कारण समजलं म्हणून सोपं होत नाही.

आषाढातला शनिवार होता. शाळा सकाळची, म्हणून मी दुपारी परतत होते. जीप भरलेली होती: एक बाळंतीण, दोन म्हातारे, बाकीची धडधाकट माणसं. चार दिवस पाऊस लागून रस्ता शेवाळला होता. खालच्या वळणावर वाडीतला गणपत आईला पाठीवर घेऊन झाडाखाली उभा होता. म्हातारीच्या छातीत कळा येत होत्या. तो नुसता हात हलवत होता.

जनूभाऊ उतरले. वाकून चाकाला हात लावून पाहिला, तो चटकन मागे घेतला. मग मधल्या दाराशी आले आणि माझ्याजवळ वाकले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते हळू बोलले.

“बाई, तुमी उतरा. म्हातारी अडतीस, गणपत बावन. तुमच्या एकटीच्या जागेत दोघं जातील. मी त्यांना सोडून रिकामी गाडी घेऊन येतो तुमाला न्यायला.”

“दुसऱ्या कोणाला सांगा,” मी म्हणाले.

“बाई...”

“रोज मीच उतरते. आज नाही उतरणार.”

शेजारच्यांनी ऐकलं होतं. सगळे आपापल्या पायांकडे बघत राहिले. जनूभाऊंनी सगळ्यांवर एकदा नजर फिरवली, “बरं” म्हणाले, आणि दार लावलं. गणपतला त्यांनी सांगितलं, “ब्रेक तापलेत. एक माणूस जास्त नाय घेत. लगेच येतो.” ते खरंच तासाभरात परतले. तोवर म्हातारी लेकाच्या मांडीवर गेली होती.

“जनूनं वजन बघून म्हातारी मारली,” असं वाडी म्हणू लागली. त्यांच्या जीपमध्ये कोणी बसेना. एका सकाळी सीटवर धोंड्यांनी भरलेलं पोतं ठेवलेलं सापडलं. त्यावर खडूने ‘३८’ लिहिलं होतं, म्हातारीचं वजन, जे जनूभाऊंनीच मागे कधी भर स्टँडवर पुकारलं होतं. मग देवळात बैठक बसली. मला मानाने खुर्ची दिली होती. गणपतने उभं राहून विचारलं, “जनूभाऊ, येवढंच सांगा. गाडीतल्या एकाला तरी उतर म्हणालात का?”

त्या दिवशी जीपमध्ये असलेली माणसं तिथेच बसली होती. कोणी बोललं असतं तर त्याला पुढचा प्रश्न आला असता, मग तू का नाही उतरलास? जनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“नाय,” ते म्हणाले. “माझ्या ध्यानात नाय आलं.”

गणपत त्यांच्या अंगावर थुंकला. मी खुर्चीतून उठले नाही.

दिवाळीआधी त्यांनी जीप विकली. महाडला कारखान्याच्या गेटवर रखवालीचं काम धरलं होतं. स्टँडवर गाठून मी विचारलं, “खरं का नाही सांगितलंत?”

“तुमाला वाडीवर पोरं शिकवायची हायेत,” ते म्हणाले. मग पिशवीचं तोंड बांधत म्हणाले, “आणि मी तुमाला रोज चारचौघांत उतरवलं नसतं, तर त्या दिवशी तुमी उतरला असता. नाय का?”

त्यांनी पिशवी उचलली आणि महाडच्या एसटीत चढले. पुन्हा भेट झाली नाही. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही सही घ्यायला आलेल्या एका पालकाकडून, जाता जाता.

आता त्या रस्त्याला दुसरी जीप आहे. पंधरा माणसं बसतात, दोन मागे लोंबकळतात, चढणीवर कोणी उतरत नाही. गणपतची मुलगी माझ्या वर्गात आहे. मी जीपशी आले की तो गर्दीतून उठून उभा राहतो, स्वतः मागच्या फळीवर जातो आणि म्हणतो, “बसा बाई.”

मी बसते.