दुधनीच्या चढावर ठरलेली सायकल

दिवाळीपासून आमच्या घरात एक सायकल निवडली जात होती. होळी तोंडावर आली तरी निवड चालूच होती. लोक मुलीसाठी स्थळं बघताना इतका खल करत नाहीत.

निवडणारा माझा नवरा, प्रकाश. सिल्वासातल्या एका धाग्याच्या कारखान्यात हिशेब बघतो. मी इथल्याच शाळेत मराठी शिकवते. रोज जेवताना मला नवं ज्ञान मिळे. डांबर आणि मधूनमधून खडी असेल तर ग्रॅव्हल बाइक घ्यावी: खाली वळलेलं हँडल, मध्यम जाडीची टायरं. सामान लादून मुक्कामी जायचं असेल तर बाइकपॅकिंगची: सरळ हँडल, जाड टायर, पिशव्या बांधायला जागा. "आणि दोन्ही करायचं असेल तर?" मी विचारलं. "तोच तर कळीचा प्रश्न आहे!" तो खूश होऊन म्हणाला आणि आणखी एक व्हिडिओ लावला.

गेल्या वर्षी प्रकाशच्या हृदयात स्टेंट बसवला. त्याआधी तो रविवारी खानवेलला सायकलने जाऊन नाश्त्याला घरी परतायचा. डॉक्टरांनी पुन्हा सायकल चालवायला हरकत नाही म्हटलं आणि त्याच आठवड्यात हे संशोधन सुरू झालं. जुनी सायकल त्याने भाच्याला देऊन टाकली होती. ज्याला पाण्यात उतरायचंच नसतं, तो काठावर बसून पोहायच्या चड्ड्यांची तुलना करतो. हे मला कळायला थोडा उशीरच झाला.

मग मी भामऱ्यांना गाठलं. प्रकाशचे कारखान्यातले दोस्त, मूळ धुळ्याचे. त्यांच्याकडे दोन्ही जातीच्या सायकली.

"भाऊजी, दोन दिवस द्याल?"

"घ्या ना वहिनी. दोन्ही पडेल आहेत घरात. मी का त्यांच्यावर अंडी उबवू राहिलो? पण प्रकाशभाऊला कोणती देऊ?"

"दोन्ही. एक तो चालवेल, एक मी. आलटून पालटून."

निघालो शनिवारी उजाडताना, धरणाकाठच्या दुधनीला एका मुक्कामासाठी. वाचकांनो, हे लक्षात ठेवा: रात्रपाळी सुटायच्या आत कारखान्यांचा पट्टा ओलांडा, नाहीतर कंटेनरच्या मागे धूळ खात जावं लागतं. प्रकाशने काळी घेतली, ग्रॅव्हलवाली. माझ्या वाट्याला हिरवी, जाड टायरांची. पिशव्यांसकट ती दुभत्या म्हशीसारखी दिसत होती. खानवेलपर्यंत वीसेक किलोमीटर, रस्ता बरा. प्रकाश पुढे सुसाट. प्रत्येक फाट्यावर विजेत्याचा चेहरा करून माझी वाट बघत उभा.

खानवेलला भजी आणि चहा. "ठरलं," तो म्हणाला, "काळीच. हिरवी म्हाताऱ्यांची आहे."

"आता तिच्यावर कोण बसून आलं?"

त्याने भजं तोंडात टाकलं. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं शहाणपण येतंच.

खानवेलच्या पुढे दुधनीचा रस्ता रंग दाखवतो. सागाची पानं गळालेली, पळस पेटलेला, आणि वळणामागून वळण चढत जाणारं. इथे पहिला धडा: सायकल सपाटीवर पसंत करू नये, रिकामी तर मुळीच करू नये. चढाआधी आम्ही वजनाची वाटणी केली होती, त्यामुळे एक पिशवी आता काळीवर होती. काळीचा सगळ्यात हलका गिअरही प्रकाशला जड जायला लागला. तो उभा राहून पायडल मारू लागला. मग थांबला. उतरला. वाकून चेन बघू लागला.

चेनला काहीही झालं नव्हतं. त्याचा डावा हात छातीवर होता.

मी हिरवी तशीच टाकून धावले. "दुखतंय का?"

"नाही."

"खरं सांग, प्रकाश."

"दुखत नाहीये गं." तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. "दुखेल, असं वाटतं. सारखं."

माझ्या जिभेला एरवी फार धार असते. त्या वेळी मी फक्त पाण्याची बाटली पुढे केली.

खालून दोन बायका डोक्यावर जळणाच्या मोळ्या घेऊन आल्या. न थांबता, धापा न टाकता. त्यातली एक म्हणाली, "काय झाला? सायकल मोडली का?"

"नाही हो," प्रकाश म्हणाला.

"नाय मोडली? मंग बसला कशाला?" आणि दोघी हसत वर गेल्या.

प्रकाशलाही हसू आलं. श्वास जागेवर आल्यावर मी म्हटलं, "परत फिरायचं तर फिरू. पुढे जायचं असेल तर म्हाताऱ्यांची सायकल घे."

त्याने एकदा चढाकडे पाहिलं. मग हिरवीवर बसला. तिचा सगळ्यात हलका गिअर इतका हलका, की पाय शिवणयंत्रासारखे फिरतात आणि सायकल गोगलगायीसारखी सरकते. पण सरकते! तो मोळीवाल्या बायकांच्या मागून त्यांच्याच चालीने चढू लागला, त्यांना गाठायचा प्रयत्नही न करता. मी काळी ढकलत पायी मागे. ढकलण्यात लाज नाही. लाज फक्त सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असते.

वर पोचलो तेव्हा खाली मधुबन धरणाचं पाणी पसरलं होतं. प्रकाशने दोन बोटं मनगटावर ठेवून नाडी पाहिली. मग पाणी पाहिलं. मग पुन्हा नाडी. तिसऱ्यांदा मात्र नुसतंच पाणी.

दुधनीत पाण्याकाठच्या एका घरी मुक्काम केला. आधी फोन करून जा, म्हणजे ताजे मासे मिळतात. सोबत नागलीची भाकरी. झणझणीत रश्शाला प्रकाशने हात लावला नाही. त्याच्या वाटचा मीच संपवला, सहधर्मचारिणी म्हणून.

सकाळी पाण्याच्या कडेने कच्च्या वाटेवर फिरलो. काळी अशी हादरत होती की दात मोजून घ्यावेसे वाटले. टायर दगडासारखं टणक असलं की चांगलं, ही आपली सगळ्यांची समजूत. थोडी हवा सोडली तशी ती शहाण्यासारखी वागू लागली. हिरवीला असले लाड लागले नाहीत.

परतताना उताराच्या तोंडाशी प्रकाश थांबला. "इथून काळी मी घेऊ?" असं विचारेल म्हणून मी उतरायला लागले, तर म्हणाला, "उतार तूच घे. मजा येईल."

आली. खानवेलपर्यंत मी ओरडतच गेले. वाटेतल्या म्हशी अजून माझी चर्चा करत असतील.

सिल्वासात भामरे दारातच उभे. "काय मग भाऊ, कोणती?"

"हिरवीसारखी," प्रकाश म्हणाला. "जमलं तर अजून एक हलका गिअर असलेली."

"अजून? भिंतीवर चढायचं आहे का?"

"चढ संपेपर्यंत सीटवर बसून राहायचं आहे."

तुम्ही सायकल निवडत असाल तर माझा सल्ला एवढाच: आपला सगळ्यात जोरातला तास आठवून निवडू नका, सगळ्यात संथ तास आठवा. रोज डांबरावर पळणार असाल, गुडघे आणि हृदय कुरकुरत नसेल, तर काळी झकास. सामान, मुक्काम आणि मनात धाकधूक घेऊन निघणार असाल, तर हिरवी. दोन्ही करायचं असेल, तर लग्न करा आणि एकेक घ्या. आम्ही तेच केलं. भामऱ्यांची काळी आता माझी आहे.

परवा रविवारी पुन्हा त्याच चढावर गेलो. मी वर थांबले होते, विजेत्याचा चेहरा करून. खालच्या वळणावर प्रकाश थांबलेला दिसला. डावा हात छातीकडे गेला.

"दुखतंय का रे?" मी वरून ओरडले.

"अगं, घाम पुसतोय!" तो खालून ओरडला. "पुसू दे की जरा!"