विषाणूचं गाव कुठचं?

जयगडात माणूस ओटीवर टेकायच्या आत त्याला ‘कुठचे तुम्ही?’ विचारतात. गाव, वाडी, भावकी कळल्याशिवाय पाण्याचा तांब्या पुढे येत नाही. त्यामुळे माझ्या तपासणीत एचपीव्ही नावाचा विषाणू सापडला तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न तोच केला. “कुठचा गो तो?”

त्याने गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो, हा भाग त्यांच्या कानाआड गेला.

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी मला नीट सांगितलं होतं. या विषाणूचे प्रकार पुष्कळ. माझा सोळा नंबरचा, म्हणजे द्वाड. त्या सोळा नंबरातही शाखा आहेत. जनुकांत जरासा फरक, पण काही शाखा जास्त चिवट, मुक्काम ठोकणाऱ्या, आणि त्यांच्यात कॅन्सरचा धोकाही जास्त. मला लगेच समजलं. आमच्या भावकीत आडनाव एकच, पण एक घर हसून वाटणी देतं आणि दुसरं एका फणसासाठी कोर्टात जातं. “मग माझी शाखा कुठची?” मी विचारलं. शेवटी मीही जयगडचीच.

“ते संशोधनात बघतात,” त्या म्हणाल्या. “उपचार त्यावरून ठरत नाहीत. आणि कुणाकडून आला, कधी आला, हेही सांगता येत नाही. वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो.”

घरी मी ‘शाखा’ हा शब्द उच्चारला मात्र, झालं! नवरा देशोदेशी फिरणाऱ्या बोटीवर, इंजिनरूममध्ये. शाखा परदेशी ठरली. तरी खात्री हवी म्हणून ग्रामदेवतेला कौल लावला. गुरवाने देवीला पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार, बाहेरचंच. घरादाराला हायसं वाटलं. बाहेरचं असलं की वेशीवर नारळ दिला, विषय संपला. माझ्या पुढच्या तपासणीची तारीख कुणाला आठवेना. मी एकटीच एस्टीने गेले आणि गर्भाशयाच्या तोंडाचा बिघडलेला भाग काढून आले.

थोरल्या जाऊबाईंचं मात्र मला काळजीत टाकणारं होतं. त्यांना पाळी नसतानाही रक्त जायचं, हे फक्त मला ठाऊक. तपासणीला चला म्हटलं की भांडी आपटायच्या. एकदा मागीलदारी कोळंबी सोलताना बोलल्या, “तुझं निघालं ते बोटीवर ढकललं. आमचे हे कदी बोटीत चढले नायत. माझं निघालं तर कुणावर जायचं? माझ्यावरच ना?”

मला त्यांची दया आली आणि भयंकर रागही आला. एवढं शास्त्र ऐकून आलेली मी, तोंडाला येईल ते बोलून गेले. “माझ्याकडून लागलं म्हणा, वहिनी. न्हाणीघर एकच आहे आपलं.”

न्हाणीघरातून तो असा लागत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्या साडी बदलून तयार. निघाला तो कॅन्सरच, पण सुरुवातीचा. गर्भाशय काढून निभावलं.

आता सासूबाई माझा टॉवेल वेगळ्या दोरीवर टाकतात. आल्यागेल्याला सांगतात, “धाकटीने आणलंन नि थोरलीला दिलंन.” जाऊबाई तेव्हा मान खाली घालून तांदूळ निवडत राहतात. मी त्यांच्या शेजारी खडे वेचायला बसते. खरं बोलले तर सगळं त्यांच्यावर जाईल, आणि त्या आत्ता कुठे पोटभर जेवायला लागल्यात.