नॉरवुडवरचं नाव

एनॉक टॅपसेलला मूलबाळ नव्हतं. होतं ते एक इंजिन. दक्षिण लंडनच्या उपनगरांत फिरणारं, बुटकं, मोहरीच्या रंगाचं. कंपनी तेव्हा इंजिनांना उपनगरांची नावं देई आणि ज्याच्या हाती इंजिन, त्या ड्रायव्हरचं नाव आत सोनेरी अक्षरांत रंगवी. याचं इंजिन 'नॉरवुड'. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हा गडी शेडमध्ये जाऊन पितळ घासत बसे. घरी आला की त्याची बायको हेस्टर विचारायची, "कशी आहे माझी सवत?"

रूळ त्यांच्या परसामागूनच जात. तिथे आला की तो दोनदा आखूड शिटी वाजवी आणि हेस्टर खिडकीतून हात हलवी. वर्षानुवर्षं हे चाललं.

मग नवे साहेब आले. इंजिन कुणा एकाचं नाही, म्हणाले. ज्याची पाळी त्याने न्यावं. सोनेरी अक्षरं खरवडून काढली. एनॉकला यार्डात मालगाडीच्या वाघिणी ढकलायला लावलं आणि नॉरवुडवर सायलस ब्रे या दुसऱ्या ड्रायव्हरची पाळी लागली. एनॉक शेडमागे जाऊन पोटभर रडला.

हेस्टर तेव्हा छातीच्या दुखण्याने खिडकीजवळच्या अंथरुणाला खिळलेली. तिला हे मरेपर्यंत कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं. मोठा शहाणपणाच केला म्हणायचा. त्याने सायलसला गळ घातली.

"तेवढी शिटी वाजव रे. ती वाट बघते."

"वाजवीन की. पण तिने हात केला तर?"

"तूही कर. तिला लांबचं दिसत नाही आता."

पुढे एका सकाळी डॉक्टर आशा नाही म्हणून सांगून गेले. एनॉक कामावर गेलाच नाही, तिच्या उशाशी बसून राहिला. सायलसला निरोप धाडायचं मात्र त्या गडबडीत राहून गेलं. दुपारी परसामागून गाडी आली आणि शिटी झाली, दोनदा, आखूड.

हेस्टरचा हात सवयीने वर गेला आणि तसाच थांबला.

"तू तर इथे आहेस. मग माझ्या सवतीवर कोण आहे?"

आता लपवायला जागाच नव्हती. एनॉकने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे मी सायलसला हात करत होते होय," ती म्हणाली. मग तिला धाप लागली. ती ओसरल्यावर म्हणाली, "एकट्याने कशाला सोसलंस रे? सांगितलं असतंस तर मीही रडले असते तुझ्याबरोबर."

एनॉकला तिथेच रडू कोसळलं. तिला मात्र आता रडण्याइतकाही श्वास उरला नव्हता.