अंगठ्याच्या मुळाशी

पत्नी गेल्यावर मी देवापुढे दिवा लावणं सोडलं. आम्हाला मूलबाळ नाही. तिचं वर्षश्राद्ध मीच करायचं, एवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं. त्याला तीन महिने असताना कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांपाशी देवळाच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरलो आणि सगळा भार उजव्या तळहातावर आला. पितरांना पाणी सोडायचं ते उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधून. दुखत होतं नेमकं तिथंच. आता हातही काढून घेतलास, असं मी देवाला मनात म्हणालो.

कर्जतला एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. दुखणं राहिलं तर परत या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण फोटो साफ म्हणजे शीर सरकली असणार, असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. शिकलासवरलेला मीही तेच धरलं आणि पाचव्या दिवशी कशेळ्यापुढच्या एका हात चोळणाऱ्याकडे जीपने निघालो.

शेजारी पांढऱ्या दाढीचे एक चाचा होते. मुंबईच्या एका इस्पितळात प्लास्टर घालण्यात त्यांची नोकरी सरली होती. माझा सुजलेला हात पाहून त्यांनी मला अंगठा ताणायला लावला आणि त्याच्या मुळाशी पडलेल्या खळगीत बोट टेकवलं. मी कळवळलो.

“चोळायला निघालात, सर? हे हाड लाजरं हाय. पहिल्या फोटोत तोंड दाखवत नाय. चोळलंत तर जुळायचं पण नाय.”

डॉक्टरांनी फोटो पाहिलाय, असं मी म्हणालो.

“फोटोला दुखत नाय, तुमाला दुखतंय.”

त्यांनी जीप थांबवायला लावली. ड्रायव्हर कुरकुरला, पण चाचा माझ्याबरोबर उतरले आणि कर्जतची जीप मिळेपर्यंत उन्हात उभे राहिले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

डॉक्टरांनी तीच खळगी दाबून पाहिली आणि अंगठ्यासकट प्लास्टर घातलं. दोन आठवड्यांनी नव्या फोटोत केसाएवढी बारीक चीर दिसली.

प्लास्टर निघालं ते श्राद्धाच्या चार दिवस आधी. उल्हास नदीच्या काठी गुरुजींनी खूण केली, मी तळवा कलता केला, आणि तिळाचं पाणी अंगठ्याच्या मुळावरून सरळ धारेने उतरलं. वर्षभरात पहिल्यांदाच माझी मान देवापुढे लवली.

मी देवाकडे तिला परत मागत होतो. त्याने तिला पाणी देणारा हात राखला. आपलं शहाणपण बाजूला ठेवून एका अनोळखी माणसाचं ऐकणं, एवढीच शरणागती मला जमली. ती पुरली.