एकच डाग दाखव म्हणाले होते

कॉलेजनं लावलेल्या फ्लेक्सवर अक्काच्या नावापुढं 'डॉ.' छापलंय. ते खोडा.

ती डॉक्टर नव्हती. होऊ दिली नाही तिला.

माझी थोरली बहीण, शकुंतला अक्का, काल उमरग्यात गेली. सकाळपासून फोन चालू आहेत. मॅडम लई हुशार होत्या म्हणे. व्हय, होत्या. त्या हुशारीचं काय झालं ते सांगते.

बापू सहकारी साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. एम.एस्सी. झाल्यावर अक्काला लांब एका वेधशाळेत रिसर्चला जागा मिळाली. आमच्या वस्तीतून तिथवर गेलेली ती पहिलीच.

विषय काय, तर ताऱ्यांवरचे काळे डाग.

सूर्याहून लहान, थंड, तांबूस तारे असतात. मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतो. पण तारा स्वतःभोवती फिरतो आणि डाग समोर आला की उजेड जरासा कमी होतो. त्या कमी-जास्त उजेडावरून डाग कुठं असेल त्याचा नकाशा काढायचा.

सुट्टीत आली की कंदिलाची काजळी धरलेली काच हातात फिरवून ती आईला हे समजावून सांगायची.

आई म्हणायची, "मग पूस की."

ती ज्या ताऱ्यावर पीएच.डी. करत होती, त्याचा नकाशा तिच्या गाईडनी आधीच छापून टाकला होता. एकच मोठा डाग, मधोमध. त्यांचं नाव झालं.

थिसिस लिहिताना अक्काच्या लक्षात आलं, दोन लहान डाग वेगळ्या जागी धरले तरी उजेड अगदी तस्साच कमी-जास्त होतो. मोजमाप तेच, नकाशे दोन. खरा कुठला, सांगता येत नव्हतं.

तिनं दोन्ही लिहिले.

गाईड म्हणाले, एकच ठेव. तिनं ऐकलं नाही. त्यांनी थिसिसवर सही केली नाही.

इकडं दुष्काळ. ऊसच नाही म्हणून कारखाना बंद, बापू घरी. अक्काच्या फेलोशिपवर घर चाललेलं. माझं डी.एड. पण.

बापू एस.टी.नं, मग रेल्वेनं गाईडना भेटायला गेले. त्यांनी चहा पाजला. मुलगी गुणी आहे, फक्त तिला समजवा म्हणाले.

बाहेर झाडाखाली बापू अक्काला म्हणाले, "एक काढून टाक की. तिथं कोण जाऊन बघणार हाय?"

"कुणीच न्हाय, बापू. म्हणूनच काढत न्हाय."

हे मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं. शब्द तेच होते.

फेलोशिप संपली आणि अक्का ट्रंक घेऊन परत आली. डिग्रीशिवाय.

कारखान्याच्या चेअरमननी चारचौघांत बापूंना विचारलं, तुमची पोरगी आभाळातनं खाली कशी काय आली? सगळे हसले. बापू पण हसले. घरी येऊन जेवले नाहीत.

पुढं त्याच चेअरमनच्या कॉलेजात अक्का फिजिक्स शिकवत राहिली. टेम्पररी. पर्मनंट जागा निघाली तेव्हा त्यांचा भाचा लागला. कारण दिलं, मॅडमकडं पीएच.डी. नाही.

भाच्याकडं पण नव्हती.

आणि मला अक्काचाही राग होता. माझं डी.एड. सुटलं, त्याच उन्हाळ्यात माझं लग्न उरकलं. तिच्या खरेपणाचा भुर्दंड मला बसला, आणि मला कुणी विचारलं नव्हतं. हे मी तिला तोंडावर बोलले.

ती म्हणाली, "व्हय. त्यात तुझं वाटोळं झालं."

माफी नाही मागितली.

गाईड मोठे झाले, परदेशात जाऊन आले, मानानं रिटायर झाले.

मागच्या आठवड्यात दवाखान्यात मी तिला विचारलं, शेवटी डाग एक होता का दोन?

ती म्हणाली, "न्हाय माहीत."

मला वाटलं होतं, आता तरी, निदान माझ्या समाधानासाठी, काहीतरी एक सांगेल.

नाही सांगितलं.

रविवारी विहारात वंदना आहे. यायचं त्यांनी या. भाषण कुणी करू नका.

जा अक्का. राग माझ्यापाशी राहू दे.

तुला शेवटचा जयभीम.