दक्षिणेकडची वात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे. आता राहवत नाही, एवढं खरं.

नव्वदनंतरची गोष्ट. मी इंदापूरला चित्रकलेचा शिक्षक होतो. माझी जुनी विद्यार्थिनी रंजना पळसदेवला दिलेली. तिनं सासऱ्यांचं — आबांचं — चित्र रंगवलं आणि ते बघायला घरच्यांनी मला मुद्दाम बोलावलं.

चित्र कसं होतं सांगू? तिन्हीसांजेला आबा खिडकीशी बसलेत. बाहेर उजनीचं पाणी. त्यांची जमीन त्याच पाण्याखाली गेलेली. मूठ आवळलेली, एक पाय उठायच्या बेतात. माणूस बसलाय, पण जीव काही बसलेला नाही. खिडकीत पणती, तिचा उजेड गालावर. असा गाल मला जन्मात जमला नसता. मी जळलो — दुसरा शब्द कशाला शोधू?

"सर, काय म्हनतंय आमचं चित्र?" आबांनी हौसेनं विचारलं.

मी मूठ समजावली, पाय समजावला. सगळे माना डोलवत होते. तिथंच थांबायला काय झालं होतं मला? पाणी घराच्या उत्तरेला. पणतीची वात पाण्याकडं पाठ करून, म्हणजे दक्षिणेला — आणि तशी वात आपण कुणासाठी लावतो? मेलेल्या माणसासाठी. मी एवढंच म्हणालो, "वात दक्षिणेला का काढलीस गं?"

उजेड तोंडावर पडावा म्हणून. मला ठाऊक होतं. चित्रकलेचा मास्तर मी, मला नाही तर कुणाला?

सासूबाई ताडकन उठल्या. "जित्या मानसाम्होरं असला दिवा? कुनाच्या मरनावर टपलीस गं?" रंजनानं माझ्याकडं पाहिलं. मी खाली मान घालून चहा प्यायलो.

चित्र माळ्यावर गेलं, ब्रश चुलीत. पुढच्या उन्हाळ्यात आबा झोपेतच गेले आणि सगळ्यांनी बोट दाखवलं रंजनाकडं. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? नाही बोललो.

आबांचा एकही फोटो घरात नव्हता. तेराव्याच्या आधी चित्र खाली काढलं आणि पणती रंगवून झाकायला मलाच बोलावलं. मी झाकली. रंजना दारात उभी होती.

आबा अजून त्या भिंतीवर आहेत. दिवा नाही, पण गालावर उजेड आहे. पाहुणे विचारतात, एवढं तेज कुठनं आलं? सासूबाई सांगतात, "सरांचा हात लागलाय त्येला." मी समोर बसलेलो असतो, तरी गप्प असतो.

रंजना आत चहा करत असते. तिला सगळं ऐकू जातं.