पेढे वाटलेलं प्रमेय

माझं पहिलं प्रमेय खरं ठरलं असतं, तरी त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता. पण आमच्या आबांनी त्याचे पेढे वाटले आणि तिथून घोटाळा झाला.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. आता कवठे येमाईच्या शेतात कांदा आणि झेंडू. मी दौंडच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. आठवडाभर तिथंच खोली घेऊन राहायचे, शनिवारी शिरूरला गाडी बदलून घरी यायचे आणि उरल्यासुरल्या वेळात पीएच.डी. करायचे. विषय टोपोलॉजी. अंतर मोजायची पट्टी काढून घेतली, तरी कोण कुणाच्या लगत आहे याचा जो विचार करता येतो, तो.

हे मी आबांना बांधावर बसून समजावलं होतं. "समजा, रानात दोन तुकडे हायत. कडेसकट धरले तरी एकमेकांना कुठंच शिवत न्हाईत. आता दोघांभोवती कुंपण घालायचं, पण कुंपणाच्या आतली जागासुद्धा एकमेकीत जाता कामा नये. जिथं हे कायम जमतं, त्या जागेला नॉर्मल म्हणायचं."

"मंग आपली जमीन नॉर्मल न्हाई," चुलत्यांच्या उसाकडं बघत आबा म्हणाले.

माझा दावा असा होता की, अशा दोन नॉर्मल जागा घेतल्या, वर मी शोधलेली एक अट घातली, की त्यांच्या गुणाकारातून होणारी जागाही नॉर्मलच निघते. दीड वर्ष त्यात गेलं. ज्या शनिवारी शेवटची ओळ जमली, त्या शनिवारी घरी येऊन मी एवढंच म्हणाले, "आबा, झालं." त्यांनी पुढचं ऐकलं नाही. चपला घातल्या आणि निघाले. तासाभरात डेअरीवर, देवळापाशी, सोसायटीच्या पायरीवर, जिथं चार माणसं उभी होती तिथं पेढा पोचला. कुणीतरी विचारलं, "पोरीचं जमलं वाटतं कुठं?" आबा म्हणाले, "त्याच्याहून मोठं हाय. प्रमेय लागलंय."

मी सरांना अजून दाखवलंही नव्हतं.

सर म्हणजे माझे पुण्याचे मार्गदर्शक. अतिशय मऊ माणूस. कुणाचं काही मोडायचं असलं की आधी चहा मागवायचे. त्या मंगळवारी त्यांनी माझी पानं वाचली आणि चहा मागवला.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "फक्त एक जागा तपासून बघू या का?"

फळ्यावर त्यांनी एक सरळ रेषा काढली. तिच्यावरचे सगळे ठिपके दोन गटांत वाटायचे होते. माझ्या प्रमेयाला ज्यांचा आधार मिळाला असता, अशा तमाम संचांची त्यांनी एक यादी धरली. मोजताही न येणारी, न संपणारी यादी. मग प्रत्येक संचाची पाळी आली की त्यातला एक ठिपका या गटात टाकायचा, एक त्या गटात. असं केल्यावर यादीतला एकही संच एकाच गटात पुरता मावत नाही. त्या गटांवर त्यांनी दोन जागा उभ्या केल्या. दोन्ही माझ्या सगळ्या अटी पाळणाऱ्या, अगदी सभ्य. गुणाकार केला, आणि कुंपण काही केल्या बसेना. चहा निवायच्या आत दीड वर्ष संपलं.

"वाईट वाटून घेऊ नका," सर म्हणाले. "प्रतिउदाहरण सुंदर आहे."

सुंदर होतं, हेच जास्त लागलं. परतीच्या बसमध्ये कासुर्डीपर्यंत मी सरांची चूक शोधत होते. पाटसला उसाच्या ट्रॉल्यांमागं बस अडकली, तेव्हा एकदाचं मान्य केलं की चूक माझीच.

पुढचे तीन शनिवार मी घरी गप्प राहिले. डेअरीवरचे आप्पा दिसले की विचारायचे, "काय म्हणतंय प्रमेय?" म्हशीची चौकशी करावी तसं. मी म्हणायचे, "बरं हाय." चौथ्या शनिवारी झेंडू तोडताना आबांना सांगून टाकलं.

"आबा, ते प्रमेय चुकलं. सरांनी मोडून दाखवलं."

ते थांबले. "किती ठिकाणी?"

"एका."

"एकच? बाकी समद्या ठिकाणी बरोबर हाय न्हवं?"

"तेही आता म्हणता येत न्हाई. आन् एक पुरे होतं."

"गावात एक माणूस वाकडा निघाला म्हणून गाव मोडतं व्हय?"

"गणितात मोडतं."

"मंग तुमचं गणित लई नाजूक हाय," आबा म्हणाले आणि पुन्हा फुलं तोडायला लागले. ओळीच्या शेवटी पोचल्यावर त्यांनी विचारलं, "पर मोडलं कसं त्यांनी?" मी यादी सांगितली, पाळी सांगितली. त्यांनी मन लावून ऐकलं. "माणूस हुशार हाय," ते म्हणाले. मला वाटलं होतं, निदान घरचा माणूस तरी माझ्या बाजूनं बोलेल.

शेवटी प्रबंध झाला तो प्रमेयावर झालाच नाही. ते का मोडतं आणि कुठवर टिकतं, यावर झाला. त्यातला एक प्रश्न तर असा निघाला, की त्याचं उत्तर 'हो' आहे हेही नेहमीच्या गृहीतकांवरून सिद्ध करता येत नाही आणि 'नाही' आहे हेही येत नाही. "आन् त्यावर पदवी देत्यात?" आबांनी विचारलं. देतात, म्हटलं.

तोंडी परीक्षेला आबा पांढरी टोपी घालून पुण्याला आले आणि शेवटच्या रांगेत बसले. परीक्षा सगळ्यांना खुली असते. शेवटी बाहेरगावहून आलेले परीक्षक रिवाज म्हणून म्हणाले, "आणखी कुणाला काही विचारायचंय?" अशा वेळी कुणी काही विचारत नाही. आबा उठले.

"सायेब, ही म्हणती यादी संपत न्हाई. मंग शेवटच्याची पाळी कवा येती?"

सर खाली बघून हसले. परीक्षकांनी चष्मा काढला. "शेवटचा असा कुणी नाहीच. पण तुम्ही ज्याच्याकडं बोट दाखवाल, त्याची जागा ठरलेली आहे. आणि त्याच्या आधी जेवढे ठिपके उचलले गेले, त्याहून जास्त त्याच्यात असतात. म्हणून त्याला दोन ठिपके मिळतातच."

"बोट दाखवायला ही यादी बघितलीय कुणी?"

परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला. "नाही. ती आहे, असं आम्ही मानतो."

"मानता?"

"मानतो."

"बरं," म्हणून आबा बसले. पदवी जाहीर झाली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

शिरूरच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर ते म्हणाले, "चांगला माणूस हाय. खरं बोलला. पर पोरी, न्हाईच मानलं तर?"

वाघोलीत गर्दी होती, गाडी हलत नव्हती. मी सांगायला लागले. न मानता काय काय हातचं जातं, काय टिकतं, कोण मानतं, कोण कुरकुरतं. शिक्रापूर आलं तेव्हा लक्षात आलं, पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ मागं वळून ऐकतायत आणि आबा केव्हाचे झोपलेत.